अंदमानची सहल, अर्धी पाण्याखाली आणि अर्धी किनाऱ्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एक-दोघांना स्कूबाचं वेड असतं, बाकीच्यांना पाण्यात पाय बुडवले तरी पुरतं. अशा मिश्र कुटुंबाने किंवा मित्रमंडळीने अंदमानला जायचं ठरवलं की तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सोयीसाठी सिलिंडर लावून बुडी मारणाऱ्यांना ‘डायव्हर’ आणि बाकीच्यांना ‘कोरडी मंडळी’ म्हटलंय. त्यात कमीपणा काही नाही. उलट अशा सहलीचं वेळापत्रक कोरड्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवूनच आखावं, कारण डायव्हर कुठेही खूश असतात.

अंदमानच का? मालदीव, लक्षद्वीप किंवा आपलं मालवण का नको?

मालदीवला पाणी अप्रतिम, पण बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एकेक स्वतंत्र बेट. डायव्हर सकाळी बोटीवर गेले की मागे राहिलेल्यांना तिसऱ्या दिवशी तोच पूल आणि तोच बुफे बघून कंटाळा येतो. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि राहायच्या जागा मोजक्याच. मालवण-तारकर्ली पहिल्या चवीसाठी चांगलं, पण तिथे पाण्यात फार लांबचं दिसत नाही. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी शनिवार-रविवारच्या डाइव्हला उत्तम, आठवडाभराच्या कौटुंबिक सहलीला मात्र अपुरं पडतं.

अंदमानला पासपोर्ट लागत नाही, पाण्याखाली भरपूर आहे आणि पाण्यावर त्याहून जास्त: सेल्युलर जेल, रॉस बेटावरचे भग्नावशेष, राधानगरचा किनारा, खारफुटी, जंगल, बाजार. मराठी घरातल्या आजोबांना तर स्कूबाशी देणंघेणं नसतं, सावरकरांची कोठडी बघायला मिळणार म्हणून ते आधीच तयार होऊन बसलेले असतात.

कधी जावं?

ऑक्टोबरअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. त्यातही डायव्हरना फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत मानवतो. समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि वादळं होतात, तेव्हा एखाद-दुसरा दिवस बोटी बंद राहू शकतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर एक दिवस हाताशी मोकळा ठेवा. नाताळात गर्दी आणि दर दोन्ही चढे. शाळांमुळे एप्रिल-मेशिवाय पर्याय नसेल तर उकडेल खरं, पण पाण्याखाली तक्रारीला जागा नसते.

तिकिटं काढताना नावांचा घोळ होतो. नेमकं काय?

पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम (2024 पासून). हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप (तिन्ही 2018 पासून). सरकारी कागदावर नवी नावं असतात, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी. इथेही जुनीच वापरली आहेत.

एकूण किती दिवस लागतात? क्रम कसा लावावा?

सात रात्री असतील तर कुणाचीच ओढाताण होत नाही. पाच रात्रींत उरकता येतं, पण मग डायव्हरांच्या वाट्याला एक-दोनच सकाळी येतात.

बहुतेक टूर कंपन्या आधी दोन दिवस पोर्ट ब्लेअर दाखवतात, मग हॅवलॉक, मग नील, आणि शेवटच्या दिवशी थेट विमानतळ. मिश्र मंडळींसाठी हा क्रम उलटा करावा. पहिल्या दिवशी विमान सकाळी उतरत असेल तर दुपारच्या बोटीने सरळ हॅवलॉक गाठा. तिथे चार रात्री. मग नीलला एक रात्र. शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर.

याचं कारण विमान. डाइव्ह करताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायच्या आत विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबाने त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू यांना इजा होऊ शकते. एकच साधी डाइव्ह असेल तर उड्डाणाआधी किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस डाइव्हिंग असेल तर किमान 18 तास थांबावं, असा सर्वमान्य संकेत आहे. बरेच डायव्हर सरळ 24 तास धरतात, तुम्हीही तेच धरा. म्हणजे शेवटचा एक दिवस डायव्हरांना कोरडं राहणं भागच आहे. मग तो दिवस कोरड्या मंडळींच्या नावाने सगळ्यांनी मिळून का घालवू नये? सेल्युलर जेल, रॉस बेट, अबर्डीन बाजार, सगळं त्या दिवशी. रोज सकाळी दोन तुकड्यांत फिरलेलं कुटुंब शेवटी एकत्र येतं आणि ‘तुम्ही तर सारखे पाण्यातच होतात’ ही तक्रारही मिटते.

जेल 1906 मध्ये बांधून झाला. मूळच्या सात कक्षांपैकी आज तीन उभे आहेत. सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं, त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याआधीपासून इथेच होते. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांना सकाळच्या गारव्यात न्या आणि संध्याकाळच्या ध्वनि-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधीच काढा. रॉस बेटाचे आणि जेलचे सुट्टीचे वार आधी बघून मगच दिवस ठरवा.

हॅवलॉकला राहायचं कुठे? यावरून आमच्याकडे दोन तट पडलेत.

सगळ्यांकडेच पडतात. डाइव्ह सेंटरं जास्त करून तीन नंबर (गोविंदनगर) आणि पाच नंबर (विजयनगर) किनाऱ्यांच्या आसपास. फोटोत दिसणारा रुंद, पांढऱ्या वाळूचा किनारा म्हणजे सात नंबर, राधानगर. तो बेटाच्या दुसऱ्या अंगाला.

डायव्हरना पहाटे सहाला सेंटरवर हजर व्हायचं असतं, म्हणून त्यांचा कल पाच नंबरकडे. कोरडी मंडळी खोलीसमोर समुद्र बघून तिथलं बुकिंग करतात आणि ओहोटीला घोडं अडतं. पाणी दूरवर मागे सरतं, खडक उघडे पडतात, त्यांच्या फटींतून खेकडे पळत असतात. बघायला मजा येते, पोहता मात्र येत नाही. भरती सकाळी असेल तरच पोरांना डुंबायला मिळतं. राधानगरला ही अडचण जवळजवळ नाही.

आमचं मत: मुक्काम तीन किंवा पाच नंबरलाच करा, पण बुकिंगआधी त्या तारखांची भरती-ओहोटीची वेळ बघा आणि रोज दुपारी राधानगरला जायला स्कूटर किंवा रिक्षा ठरवून ठेवा. सगळे राधानगरला राहिले तर डायव्हरांना पहाटे अंधारात रिक्षा शोधावी लागते आणि पहिल्याच दिवशी कुरकुर सुरू होते.

डायव्हर पाण्यात असताना बाकीच्यांनी काय करायचं?

आधी वेळेचं गणित समजून घ्या. अंदमान बरंच पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं आणि डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. डायव्हर साधारण साडेसहाला बोटीत, दोन डाइव्ह करून बारा-एकपर्यंत परत. जेवले की आडवे होतात. म्हणजे कोरड्या मंडळींची सकाळ मोकळी, आणि तीन ते पाच हा सगळ्यांचा सामाईक वेळ. नाशिक-पुण्याच्या सवयीने ‘संध्याकाळी सहाला बीचवर जाऊ’ म्हणालात तर अंधारात वाळू तुडवाल.

सकाळच्या वेळी: हॅवलॉकच्या एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीने जाऊन स्नॉर्कलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावरूनच खाली बघणं (पोहता येत नसलं तरी लाइफजॅकेट घालून, गाइडच्या हातात ट्यूब धरून होतं). डोक्यावर हेल्मेट चढवून तळावर चालायचं सी-वॉकही तिथेच होतं. ज्यांना केस भिजवायचे नाहीत त्यांच्यासाठी नीलच्या भरतपूर किनाऱ्यावरची काचतळाची बोट. खारफुटीतून कयाक. अमावस्येच्या आसपास मुक्काम असेल तर रात्रीचा कयाक चुकवू नका. वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं, हात बुडवला की बोटांभोवती ठिणग्या दिसतात. हे सूक्ष्म सागरी जीवांचं काम. चांदण्या रात्री हे दिसत नाही, म्हणून पंचांग बघूनच बुकिंग करा.

आणि काहीच न करणं हाही कार्यक्रमच आहे. सगळ्यांना सकाळी सहाला उठवून ‘ॲक्टिव्हिटी’ला जुंपणारे सहलप्रमुख आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यापासून सावध.

डायव्हरांच्या बोटीवर बाकीच्यांनाही नेता येईल का?

सेंटर परवानगी देतं, पण साइट बघून हो म्हणा. लाइटहाउस, ॲक्वेरियम अशा उथळ जागी वरून स्नॉर्कलिंग करणाऱ्यालाही प्रवाळ आणि मासे दिसतात. डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्जला मात्र बघण्यासारखं सारं खोलवर. वर राहिलेल्याला निळंशार पाणी, डिझेलचा वास आणि तासभर डोलणारी बोट एवढंच पदरात पडतं. तिथे आईला नेऊ नये.

पोहता येत नाही. तरी स्कूबा करता येईल?

हो. ‘डिस्कव्हर स्कूबा’ किंवा ‘ट्राय डाइव्ह’ नावाचा प्रकार असतो, त्याला पोहणं यावं लागत नाही. खोली कमाल 12 मीटर, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. हॅवलॉकच्या नेमो रीफवर तर किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरता येतं. आधी छातीभर पाण्यात तोंडाने श्वास घेणं, मास्कमधलं पाणी काढणं आणि नाक चिमटीत धरून कानातला दाब सोडणं शिकवतात. हे सरावाचे क्षण घाईत उरकणाऱ्याकडे जाऊ नका. पुढे इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडरला धरून तुम्हाला नेतो, तुम्ही फक्त बघायचं.

एक खूण मात्र डोक्यात पक्की बसवा. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. क्लाऊनफिश बघून आनंदाने अंगठा दाखवणाऱ्यांना इन्स्ट्रक्टर इमानदारीने वर घेऊन येतात. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

खर्च साधारण पाच हजारांच्या आसपास, फोटो-व्हिडिओ धरून की वगळून ते आधी विचारा.

मुलांना कितव्या वर्षापासून? आणि आजी-आजोबा?

समुद्रातल्या ट्राय डाइव्हसाठी वय 10 पूर्ण हवं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी दोन मीटरपर्यंतच्या पाण्यातला ‘बबलमेकर’ असतो, पण तो सगळीकडे मिळत नाही. मूल दहाचं झालं तरी त्याला स्वतःला हवंय का, हे आधी बघा. बाबांच्या हौसेपोटी पाण्यात उतरवलेलं मूल मास्क लावल्या क्षणी रडायला लागतं, आणि तिथून समजूत घालणं कठीण.

वरची वयोमर्यादा नियमात नाही, तब्येतीवर आहे. साठीच्या धडधाकट बाईंना हरकत नसते, चाळिशीतल्या दमेकऱ्याला असते. काही सेंटरं मात्र स्वतःची मर्यादा घालतात.

दमा, बीपी, मधुमेह, कानाचं ऑपरेशन... काय चालतं?

दमा, हृदयविकार, फिट्स, छातीचं किंवा कानाचं ऑपरेशन, पूर्वी फुफ्फुस कोलमडल्याचा इतिहास, मधुमेह, रक्तदाब: यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांचं पत्र घरूनच घेऊन जा. सेंटरवर आरोग्याचा प्रश्नपत्रक भरून घेतात. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं की पत्र मागतात, आणि बेटावर ऐनवेळी ते मिळवणं म्हणजे अर्धा दिवस गेला. ‘सगळ्याला नाही लिहून टाक’ असा सल्ला देणारा एखादा भेटतोच. त्याचं ऐकू नका, कोंडलेली हवा वर येताना फुफ्फुस फाडू शकते.

गरोदरपणात स्कूबा अजिबात नाही. मासिक पाळीत चालतं. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला, कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होते. आदल्या रात्रीचं मद्यपान हे डाइव्ह रद्द होण्याचं नेहमीचं कारण आहे.

सुट्टीतच ओपन वॉटर कोर्स होईल का?

होतो. हा डायव्हर होण्याचा पहिला सर्टिफिकेट कोर्स, तीन-चार दिवस लागतात. पण ते तीन-चार दिवस तुम्ही कुटुंबाच्या हिशेबातून वजा झालेले असता. संध्याकाळीसुद्धा वाचन आणि परीक्षा. त्यापेक्षा थिअरी घरी ऑनलाइन उरका. शक्य असेल तर मुंबई-पुण्यात स्विमिंग पूलमधले धडेही पूर्ण करा आणि अंदमानात फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह ठेवा. सेंटरला आधी विचारून ‘रेफरल’चे (उरलेला कोर्स दुसरीकडे पूर्ण करण्यासाठीचे) कागद घेऊन जायचे, की दोन दिवसांत काम होतं.

या कोर्सला पोहणं लागतं: 200 मीटर न थांबता (किंवा मास्क-फिन-स्नॉर्केल लावून 300) आणि दहा मिनिटं तरंगणं. वेगाची अट नाही. कोर्स झाला की 18 मीटरपर्यंत जाता येतं, त्यापुढे 30 मीटरपर्यंत जायला ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स. पूर्ण कोर्सचा खर्च तीस-पस्तीस हजारांच्या घरात.

मी सर्टिफाइड आहे. कोणत्या साइट्स धरू?

पहिल्या दिवशी उथळ जागी हात साफ करा, विशेषतः वर्षभरात डाइव्ह केली नसेल तर. मग डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज. या दोन्हींसाठी ॲडव्हान्स्ड असलेलं बरं, प्रवाहही असतो. जॉनीजला स्नॅपर आणि बाराकुडांचे थवे असे दाट असतात की पलीकडचा बडी (जोडीदार डायव्हर) दिसेनासा होतो. द वॉल जेट्टीजवळच, त्यामुळे अर्ध्या दिवसाचीच सुट्टी मिळालेल्यांना सोयीची. नीलला माणसं कमी, कासवं दिसण्याची शक्यता बरी. एखाद्या सकाळी नीलच्या जंक्शनला जाऊन या आणि दुपारी सर्वांसोबत ओहोटी गाठून नैसर्गिक दगडी पूल बघा.

अंदमानचं प्रवाळ मेलं असं ऐकलं. खरं का?

अंशतः. 2010 मध्ये पाणी तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, उथळ भागातलं बरंच गेलं. स्नॉर्कलिंगच्या ठिकाणी मेलेल्या प्रवाळाचा राखाडी चुरा दिसतो, तो याचाच. काही जागा सावरताहेत. खोल साइट्सवर माशांचं वैभव टिकून आहे. इंटरनेटवरचे झळझळीत रंग मनात ठेवून गेलात तर उथळ पाण्यात हिरमोड होईल. अंग झाकणारा रॅशगार्ड घाला, म्हणजे सनस्क्रीन कमी लागतं आणि प्रवाळालाही तेवढाच त्रास कमी. कशावर उभं राहू नका, कशाला हात लावू नका.

बोट लागते. काय करावं?

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीला दीड-दोन तास, सरकारीला अडीचच्या आसपास. खासगी बोटींत बहुतेक वेळा बंद एसी केबिनमध्येच बसावं लागतं, आणि बोट लागणाऱ्याला तेच नकोसं होतं. मधल्या, खालच्या सीटा मागा. गोळी निघण्याआधी तासभर घ्या, ओकारी आल्यावर घेऊन उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून डायव्हरांनी कोणती घ्यावी हे डॉक्टरांना विचारूनच.

मगरी आहेत म्हणतात!

आहेत, खाऱ्या पाण्यातल्या. खाड्या आणि खारफुटीच्या तोंडाशी पोहू नका. किनाऱ्यावर पाटी किंवा जीवरक्षक ‘इथे नाही’ म्हणाला तर वाद न घालता तिथून निघा. वाळूवर बसायला कुणाची हरकत नाही.

बाराटांग करावं का?

मिश्र मंडळींच्या आठवड्यात बसवू नये असं आमचं मत. पहाटे तीन-चारला उठून गाड्यांच्या ताफ्याच्या रांगेत उभं राहायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने ताफ्यासोबत जायचं, आणि चुनखडीच्या गुहेपाशी अर्धा तास. गुहा आणि खाडीतली बोट छान आहेत, पण दिवस पूर्ण खर्ची पडतो. त्या रस्त्याने जाणारे बरेच जण गुहेपेक्षा माणसं ‘बघायला’ जातात, ही आणखी अवघड गोष्ट. गेलात तर फोटो काढणं, थांबणं, खाऊ देणं यांपैकी काहीही करू नका. तो गुन्हा आहे. त्याऐवजी वंडूरहून जॉली बॉय बेट परवडतं, दिवसभराचं स्नॉर्कलिंग होतं. तिथे प्लास्टिक नेऊ देत नाहीत, घरून स्टीलची बाटली घ्या.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. हॅवलॉकवर फाळणीनंतर आलेल्या बंगाली निर्वासितांची वस्ती, त्यामुळे बाजारातल्या साध्या खानावळीत भात, डाळ, बटाट्याची भाजी आणि मासा. ‘मासा नको’ म्हटलं की थाळी शाकाहारी होते. भाकरीची मात्र आशा नको. भाज्या बऱ्याचशा बाहेरून येतात, म्हणून दर जरा चढे. पहाटे निघणाऱ्या डायव्हरांना रिकाम्या पोटी जाऊ देऊ नका, चिवडा-लाडूचा डबा इथे खरोखर उपयोगी पडतो.

रोकड आणि नेटवर्क?

2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं, तरी बेटांवर ते रुसतं. दोन दिवसांपुरती रोकड खिशात असू द्या, बोटीची तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग छापून घ्या.

चांगलं डाइव्ह सेंटर कसं ओळखायचं?

दरापेक्षा हे विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? बोटीवर ऑक्सिजन असतो का? आणीबाणीत कुठे नेता? आरोग्यपत्रक भरायला लावतात का? उत्तर देताना जो कंटाळतो त्याला सोडा. ‘सर, अर्ध्या तासात पटकन करून देतो’ हे वाक्य ऐकलं की तर लगेच. प्रवासविम्यात स्कूबा धरलेलं आहे का हेही बघा, साध्या पॉलिसीत बहुधा नसतं.

चष्मा आहे.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटायचे. नंबरचा मास्क बऱ्याच सेंटरांकडे असतो, आधी नंबर कळवा.

शंख-शिंपले घरी आणता येतात का?

किनाऱ्यावरून उचलून नाही. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा नको. विमानतळावर बॅगा तपासतात, पोरांच्या खिशातले शिंपलेही काढून घेतात, आणि संरक्षित प्रकार निघाला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली प्रकरण होऊ शकतं. बाजारातल्या परवानाधारक दुकानातून घेतलंत तर पावती सोबत ठेवा. मुलांना हे बेटावर उतरल्या दिवशीच सांगा, निघताना सांगितलंत तर रडारड होते.